नाकावरची जागा

माझ्या नाकावर दोन खड्डे आहेत. चौथीत चष्मा लागला, तेव्हापासूनचे. चष्म्याच्या त्या दोन इवल्याशा पॅडनी चाळीसएक वर्षं एकाच जागी बसून केलेले. गंमत अशी, की आरशात ते मला कधी धड दिसलेलेच नाहीत. बघायचे तर चष्मा लागतो, आणि चष्मा घातला की ते झाकले जातात. दोन वर्षांपूर्वी या दोघांच्या वर, भुवयांमधून नाकाचा उतार सुरू होतो तिथे, तिसरी खूण उमटायला लागली. आडवी, लालसर, सकाळी दहा वाजेपर्यंत टिकणारी. ती मास्कची.

म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराच्या, स्लीप अ‍ॅप्नियाच्या मास्कची. मी घोरते. हे दोन शब्द लिहायला मला किती वर्षं लागली ते विचारू नका. पुरुष घोरतो तेव्हा तो विनोद असतो, बाई घोरते तेव्हा ती घरातल्या घरात दाबलेली बातमी असते. नवऱ्याने एका रात्री माझा आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि सकाळी ऐकवला. ऐकवताना तो हसत नव्हता. "घोरणं ऐकू नकोस," म्हणाला, "मधली शांतता ऐक." घोरणं चढत जायचं आणि एकदम तुटायचं. पुढे काहीच नाही. मी मनातल्या मनात मोजत होते. वीस, एकवीस, बावीस. मग बुडणारं माणूस पाण्यावर यावं तसा एक आवाज, आणि पुन्हा पहिल्यापासून घोरणं.

स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, आकडा आला ३४. झोपेत श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फारच उथळ झाला, की एक धरायचा. तासाला असे पाचच्या आत असले तर काळजी नाही, तिसाच्या पुढे गेले की आजार तीव्र. म्हणजे रात्रभर, दर पावणेदोन मिनिटांनी, माझा घसा मिटत होता आणि मेंदू मला गदागदा हलवून वर काढत होता. यातलं मला एक अक्षर आठवत नव्हतं. मला वाटायचं, आपला स्वभावच आळशी झालाय.

उपाय म्हणजे सीपॅप. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नळीतून नाकात सोडायची, म्हणजे झोपेत सैल पडणाऱ्या घशाला आतून हवेचा टेकू मिळतो. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. यंत्रं साधारण ४ ते २० पर्यंत देतात. माझा ठरला ९. नाकी नऊ येणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकले होते. आता तो माझ्या फाइलमध्ये डॉक्टरांच्या सहीनिशी आहे.

यंत्राचं काही विशेष नसतं. उशाशी ठेवलं, बटण दाबलं, झालं. सगळा खेळ मास्कचा. आणि मास्क बघायला गेले तेव्हा तिथल्या मुलाचं पहिलं वाक्य होतं, "काकू, चष्मा काढा."

काढला. माझा नंबर मायनस सहा. चष्मा काढला की समोरच्या माणसाचा धुरकट ठिपका होतो. त्या ठिपक्याने माझ्या नाकाची रुंदी मोजली, एकामागून एक तीन मास्क चढवले, पट्टे ओढले आणि विचारलं, "कसं वाटतंय?" आरसाही पुढे धरला. आरशात आणखी एक ठिपका. मी म्हटलं, बरं वाटतंय. दुसरं काय म्हणणार? नाकाची लांबी विचारली, तोंड उघडं ठेवून झोपता का विचारलं, कुशीवर झोपता का विचारलं. सगळे प्रश्न रास्त. फक्त "आता चष्मा घालून बघा" असं कुणी म्हटलं नाही. मलाही सुचलं नाही. मास्क झोपेसाठी आणि चष्मा जागेपणासाठी, दोघांची गाठ पडायचं कारणच काय?

कारण आहे. रात्री आडवं पडल्यावर मी अर्धा तास वाचते. कधी चार पानं, कधी एकच परिच्छेद तीनदा. दिवसभरात कुणी काही मागत नाही असा तेवढाच वेळ. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "अगं, आधी वाच, मग चष्मा काढ, मग मास्क लाव. यात अडचण काय?" अडचण ही, की झोप सांगून येत नाही. अ‍ॅप्निया असलेल्या माणसाला तर ती अजिबातच सांगून येत नाही, दाराआडच उभी असते. वाचता वाचता पुस्तक छातीवर, चष्मा वाकडा, मास्क टेबलावर, आणि मी पुन्हा पावणेदोन मिनिटांच्या त्या चक्रात. पहाटे कधीतरी जाग आली की मास्क चढवायचा. पहिल्या महिन्यात यंत्राच्या पडद्यावर रोजचे तास दिसायचे. तीन. साडेतीन. एकदा दोन. किमान चार तास तरी लावा, असं सांगणारी मंडळी त्या आकड्याकडे बघून मान हलवायची.

आणि दुसरी गोष्ट अशी, की मास्कची सवय व्हावी म्हणून जो सल्ला सगळीकडे मिळतो, तो काय असतो? जागेपणी लावून बसा. वाचत बसा, टीव्ही बघत बसा, म्हणजे शरीर बुजायचं थांबेल. सल्ला अगदी बरोबर आहे. पण वाचायला आणि टीव्ही बघायला मला चष्मा लागतो हो. चष्म्याशिवाय मास्क लावून बसायचं म्हणजे डोळ्यांपुढे धुकं, नाकातोंडावर रबराची वाटी, त्यातून नळी आणि कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज. त्या पहिल्या आठवड्यात मी दोनदा मास्क ओरबाडून काढला. सगळे म्हणाले, कोंडल्यासारखं वाटतं सुरुवातीला. मला आज खात्री आहे, की निम्मं कोंडणं डोळ्यांचं होतं.

माझा पहिला मास्क फुल फेस होता, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. नाक चोंदलेलं, तोंड उघडं, म्हणून तो. आकार उभ्या त्रिकोणाचा. खालची बाजू हनुवटीच्या वर आणि वरचं टोक बरोबर नाकाच्या हाडावर, जिथे माझा चष्मा चौथीपासून भाडं न देता राहतोय. तरी एका रात्री हट्टाने चष्मा वर चढवून बघितला. पॅड मास्कच्या सिलिकॉनवर टेकले, चष्मा डोळ्यांपासून बोटभर पुढे आला आणि अक्षरं लहान होऊन लांब गेली. मग जरा खाली दाबला. दाबल्याबरोबर मास्कची वरची कड उचलली गेली आणि फुस्सकन हवा सुटली. यंत्रातल्या ह्युमिडिफायरने ओलसर केलेली हवा ती, कोमट आणि दमट. डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून वाफ वर चढायला लागली. मी ज्या ओळीवर होते तिच्यापर्यंत आली, मग ती ओळ गेली, मग वरची. पान वाचायच्या आधी पुसलं जाताना मी पहिल्यांदाच बघितलं.

चष्म्याशिवाय जवळ धरून वाचावं म्हटलं, तर त्याचं गणित निराळं. मायनस सहाच्या डोळ्याला चष्म्याविना स्पष्ट दिसतं ते सुमारे सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंतच. शंभराला सहाने भागा, झालं. त्या सोळातली निम्मी जागा मास्क, त्याची कोपरासारखी वळलेली जोडणी आणि नळीने खाल्लेली. शिवाय जोडणीपाशी श्वास बाहेर सोडायची बारीक भोकं असतात, ती बंद करून चालत नाही. त्यातली हवा पानावर आपटून परत डोळ्यांत. दोन रात्री असं वाचलं. पुस्तक फडफडत होतं, जणू त्यालाच श्वास घ्यायचा होता.

त्या सुमारास डोळे चुरचुरायला लागले. सकाळी लाल, रेती गेल्यासारखे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब दिले, स्क्रीन कमी बघा म्हणाले. दोन महिने थेंब घातले. रात्री तोंडावर हवेची नळी बांधून झोपता का, असा प्रश्न त्यांना पडणं शक्य नव्हतं, आणि हे सांगण्यासारखं आहे हे मला कळलं नव्हतं. मास्कच्या वरच्या टोकातून निसटणारी हवा रात्रभर पापण्यांवर जात होती. मिटलेली पापणी म्हणजे काही झाकणाची बरणी नव्हे. ज्यांना मास्क आहे आणि डोळे कोरडे आहेत, त्यांनी डोळेवाल्यांना मास्कचं आणि झोपेवाल्यांना डोळ्यांचं सांगावं. दोघं आपणहून एकमेकांना फोन करत नाहीत.

लीक होतंय म्हटल्यावर मी सगळे करतात तेच केलं. पट्टे आवळले. आणखी आवळले. तिसरी खूण तेव्हाची. पण कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, आवळून बसतच नाही. सिलिकॉनच्या कुशनला आत एक पातळ पदर असतो. हवा आली की तो फुगून गालाला, नाकाला आपसूक चिकटतो. जास्त आवळलं की तो पदर चिरडतो, त्याला फुगायला जागाच राहत नाही आणि लीक वाढतं. खरं म्हणजे पट्टे सैल करायचे, यंत्र चालू करायचं, मास्क चेहऱ्यापासून जरा उचलून पुन्हा टेकवायचा आणि मग लागेल तेवढेच ओढायचे. तेही आडवं पडून. बसलेला चेहरा आणि झोपलेला चेहरा वेगळा असतो, गाल मागे कलतात. दुकानातल्या खुर्चीत ताठ बसून निवडलेला मास्क म्हणूनच घरी येऊन दगा देतो. आणि रोज सकाळी कुशन पुसायचं. कातडीचं तेल चढलं की भलाभला मास्कही घसरतो.

तक्रार करताना एक गोष्ट मी आठवते. १९८० साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी पहिल्यांदा हा प्रकार माणसावर करून बघितला, १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. तेव्हा पट्टे वगैरे नव्हते. सुरुवातीच्या रुग्णांसाठी त्यांच्याच नाकाच्या साच्यावरून मास्क बनवायचे आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट लेपाने नाकाला चक्क चिकटवायचे. सकाळी सोलून काढायचा. त्या माणसांपैकी कुणाला चष्मा होता का, हा प्रश्न माझ्याशिवाय कुणाला पडला नसेल.

तोवर सल्ले गोळा झाले होते. कॉन्टॅक्ट लेन्स लाव, एक मैत्रीण म्हणाली. लेन्स लावून झोप लागली तर डोळ्यांची वाट लागते, आणि माझा सगळा प्रश्नच न कळत लागणाऱ्या झोपेचा. पुस्तकं ऐक, मुलगी म्हणाली. ऐकून बघितलं. ऐकताना मला चार मिनिटांत झोप येते आणि पुस्तक माझ्याशिवाय पुढे निघून जातं. काड्या नसलेला, नाकावर चिमटीत बसणारा वाचायचा चष्मा असतो. तो त्याच हाडावर चिमटा काढतो, म्हणजे मूळ भांडण तिथेच. फोनवर अक्षरं मोठी करून बघ, हा सल्ला नवऱ्याचा. एका अक्षराची एक ओळ व्हायला लागल्यावर तो मीच मागे घेतला.

शेवटी मी पुन्हा मास्क बघायला गेले आणि या वेळी चष्मा काढलाच नाही. "आधी नाक मोकळं करू या," असं मात्र डॉक्टरांनी मधल्या काळात म्हटलं होतं, आणि ते झालं होतं. औषधाचा फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि ह्युमिडिफायर एक पायरी वर. नाकाने श्वास घेता येऊ लागला तसे फुल फेसशिवायचे पर्याय उघडले. पहिल्यांदा नाकाचाच मास्क द्यावा, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. मला फुल फेसची निंदा करायची नाही. ज्यांचं नाक चालतच नाही त्यांना तोच तारतो, आणि आता त्यातही नाकाच्या खालून बसणारे निघालेत. तोंड झाकतात, नाकपुड्यांना खालून टेकतात, हाड मोकळं सोडतात. चष्मेवाल्यांनी आधी ते हाड बघावं. मास्कचं नाव, जात, जाहिरात नंतर.

पहिला प्रयोग नेझल पिलोचा. दोन छोट्या बोंडांसारख्या उश्या नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात. बाकी चेहरा रिकामा. चष्मा घातला, तर तो आपल्या दोन खड्ड्यांत नेहमीसारखा जाऊन बसला. मला त्या मुलाचा चेहरा दिसला. दुसरी भेट होती आमची, पण चेहरा पहिल्यांदाच दिसत होता. त्याला दाढी होती.

पिलो मी पाच आठवडे वापरले. वाचन सुरू झालं, तास वाढले. पण ९ चा दाब दोन बारीक तोंडांतून थेट नाकपुड्यांत येतो तेव्हा तो पाइपने पाणी मारल्यासारखा येतो, आणि माझ्या नाकपुड्यांच्या कडा सोलवटल्या. आकार बदलून बघितला, एक लहान, एक मोठा. काहींना हेच फार मानवतात. मला नाही मानवले. मग आला तो नाकाखाली पाळण्यासारखा टेकणारा, एकच लांबट उघडी फट असलेला. हवा पसरून येते. अजून तोच आहे.

त्यातही एक मेख आहे. या मास्कची नळी नाकासमोर न लोंबता डोक्यावर जोडलेली असते आणि हवा गालांवरून, कानांसमोरून जाणाऱ्या दोन मऊ नळ्यांतून खाली येते. नाकासमोर काही नाही, पुस्तक हवं तेवढं जवळ धरा, कूस बदला. पण त्या दोन नळ्या नेमक्या चष्म्याच्या काड्यांच्या वाटेवर. जाड प्लॅस्टिकच्या रुंद काड्या त्यांच्यावर चढल्या की एका बाजूची नळी दबते आणि चष्मा तिरका बसतो. मी कपाटातून बारा वर्षांपूर्वीचा बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा काढला. नंबर अर्ध्या अंकाने कमी, पण वाचायला पुरतो. आधी मास्क, त्यावरून चष्मा, म्हणजे झोप यायला लागली की चष्मा एका हाताने निघतो आणि मास्क हलत नाही. उलटं केलं आणि काड्या पट्ट्याखाली गेल्या, तर चष्मा काढताना सगळा तंबू मोडतो. आता मी झोपेतच चष्मा काढून ठेवते म्हणे. नवरा सांगतो, डोळे मिटलेलेच असतात, हात बरोबर डबीपर्यंत जातो.

हाताचं हे महत्त्व चष्मा नसलेल्यांना कळायचं नाही. रात्री पाणी प्यायला उठायचं तर नळी सोडायची, परत येऊन जोडायची, सगळं चाचपून. म्हणून पहिल्या मास्कच्या चुंबकाच्या क्लिपा मला फार आवडल्या होत्या, जवळ नेल्या की टक् करून आपल्या आपण बसायच्या. मग वाचण्यात आलं, की हे चुंबक पेसमेकरसारख्या शरीरात बसवलेल्या काही उपकरणांच्या जवळ नकोत. निदान पंधरा सेंटिमीटर तरी दूर हवेत. आणि हे फक्त मास्क लावणाऱ्यापुरतं नाही, शेजारी झोपणाऱ्यालाही लागू. आमच्या घरी तसं कुणाला काही नाही, पण हे मला खोक्यातल्या बारीक अक्षरांतल्या कागदावर कळलं. तो कागद वाचायलाही चष्माच लागला.

आता तो तासाचा आकडा तीनच्या आसपास असतो. रात्रीचे तास साडेसहा. मधूनच तोंड उघडतं, मग हवा नाकातून येऊन तोंडातून जाते आणि जीभ पहाटे वाळून कोरडीठाक होते. त्याचं अजून काही जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्या तारेच्या चष्म्यावर मी झोपले. डबी चुकली असणार. एक काडी पार आडवी झाली. नवा करायचा म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले, आणि पिशवीतून मास्क काढून काउंटरवर ठेवला. दुकानातला माणूस क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला.

"याच्यावरून घालायचाय," मी म्हटलं. "रोज अर्धा तास."

त्याने एकदाही विचारलं नाही की हे काय आहे. मी मास्क लावला, गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. तो फ्रेम चढवत गेला, काढत गेला. रिकाम्या फ्रेममधून मला अर्थातच काही दिसत नव्हतं. तेव्हा त्याने माझ्याच फोनवर फोटो काढला, माझा घरचा चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता बघा."

बघितलं. डोक्यावरून गालांवर उतरलेल्या दोन नळ्या, नाकाखाली पाळणा, आणि फ्रेम जरा पुढे घसरलेली. तिच्या वर माझे दोन खड्डे, मला वाटलं होतं त्यापेक्षा खोल, आणि डावा उजव्यापेक्षा वर. तिसरी खूण कुठे दिसते का ते बघायला मी फोटो बोटांनी मोठा केला. सापडली नाही.

"मॅडम, काड्या कानामागे जास्त वळवत नाही," तो फ्रेम हातात फिरवत म्हणाला. "सरळच ठेवतो. म्हणजे झोपल्या झोपल्या पुढे ओढली की निघेल, पट्ट्यात अडकणार नाही."

दोन वर्षांत हे मला एकानेही सांगितलं नव्हतं.